हप्ता कुणाचा, किराणा कुणाचा आणि घर कुणाचं?

आमच्या गल्लीत बायकांची एक भिशी आहे. १२ जणी, महिन्याला २,००० रुपये. तिला वही आहे. वहीत तारीख, कुणी उचलली, कुणी किती दिले, सगळं असतं. एखादीनं २०० कमी दिले तर तेही पेन्सिलीनं बाजूला लिहिलेलं असतं. याच १२ जणींतल्या निम्म्या जणींनी नवऱ्याबरोबर फ्लॅट घेतलाय. त्याची वही मात्र एकीकडंही नाही.

माझ्याकडंही नव्हती. घर ठरलं तेव्हा इसाराला पैसे कमी पडत होते. ‘मी देतो की माझ्या पाटल्या,’ मी म्हणाले (कोल्हापूरच्या पोरींच्या तोंडात ‘देते’ बसत नाही, माफ करा). दुसऱ्या दिवशी गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, जाऊन पाटल्या आणि गंठण मोडलं. पैसे नवऱ्याच्या खात्यावर टाकले, कारण चेक त्याच्या चेकबुकातला द्यायचा होता. खरेदीखतात दोघांची नावं आली, पण पैसे दिल्याच्या रकान्यात सगळे चेक त्याचे. त्यानं मला फसवलं नव्हतं. मीही काही मागत नव्हते. वर्षभरानं करासाठी कागद काढले तेव्हा दिसलं, की माझ्या पाटल्या कागदावर कुठंच नाहीत.

मग शोधाशोध केली, जाणत्यांना विचारलं. त्यातून जे कळलं ते इथं मांडते. ‘निम्मं-निम्मं’ हे न्यायाचं एकच उत्तर नाही, आणि बऱ्याचदा ते उत्तरच नसतं.

कायदा काय धरून चालतो

घर दोघांनी घेतलं की तीन वेगवेगळे हिशोब सुरू होतात: बँकेचा, मालकीचा आणि रोजच्या घरखर्चाचा. आपण मनात तिन्ही एकच धरतो. ते एक नसतात.

बँकेचा हिशोब सर्वांत कडक. दोघं सह-कर्जदार असाल तर बँकेच्या लेखी ‘माझा ४० टक्के, त्याचा ६० टक्के’ असं काही नसतं. एकानं हप्ता थांबवला तर बँक पूर्ण हप्ता दुसऱ्याकडं मागू शकते, आणि सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) दोघांचा घसरतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ४३ हेच सांगतं. त्यातच पुढं असं आहे, की एकानं सगळं फेडलं तर तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर तो वाटा समसमान धरला जातो.

मालकीचा नियम याच्या उलट चालतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ म्हणतं, की दोघांनी आपापल्या वेगळ्या पैशातून मालमत्ता घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर ज्यानं जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात त्याची मालकी. कुणी किती घातले याचा पुरावा नसेल तर दोघांची मालकी सारखी धरायची.

दोन्ही नियमांत ‘वेगळा करार नसेल तर’ ही अट आहे. म्हणजे कायदा तुम्हाला मोकळीक देतोय: तुमचं तुम्ही ठरवा, नाही ठरवलंत तर मी ठरवतो. आणि कायदा ठरवणार तो बँकेच्या स्टेटमेंटवरून. गुजरीतल्या पाटल्यांवरून नाही.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा, कोल्हापुरात राजारामपुरीतला एक जुना टू बीएचके ४६ लाखांना ठरला. महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के म्हणजे २ लाख ७६ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण तिला ३०,००० ची मर्यादा आहे, म्हणून ३०,०००. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, रंग, किचनचा ओटा, सामान हलवायचा टेम्पो मिळून धरा १ लाख ९४ हजार. एकूण ५१ लाख. (पाचगाव, उचगाव, कळंब्याकडचं घर असेल तर ते हद्दीत की ग्रामपंचायतीत हे आधी बघा. कोल्हापूरच्या हद्दवाढीचा वाद संपेल तेव्हा संपेल, तोवर दराची चौकशी दुय्यम निबंधकांकडं करायची. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी वेगळा: परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही.)

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं ३० लाखांच्या वरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. म्हणून रोख बाजू भक्कम लागते. आपल्या जोडप्यानं ३४ लाखांचं कर्ज घेतलं आणि १७ लाख पदरचे घातले. पदरच्या १७ लाखांत तिचे १० लाख (४ सोन्याचे, ६ साठवलेले) आणि त्याचे ७ लाख (५ पीएफचे, २ वडिलांनी दिलेले).

कर्ज २० वर्षांचं, व्याज साडेआठ टक्के, हप्ता साधारण २९,५००. त्याचा पगार ६०,०००, तिचा ४०,०००.

आता हप्ता निम्मा-निम्मा केला तर प्रत्येकी १४,७५०. त्याच्या हातात ४५,२५० उरतात, तिच्या हातात २५,२५०. दिसायला समान, पण एकाची पिशवी दुसऱ्याच्या जवळजवळ पावणेदोन पट जड आहे. पगाराच्या प्रमाणात, म्हणजे ६०:४०, केला तर तो १७,७०० भरतो आणि ती ११,८००; उरतात ४२,३०० आणि २८,२००. दोघांना सारखाच चिमटा बसतो. मला ही पद्धत जास्त न्यायाची वाटते. पगार बदलला की दर एप्रिलला प्रमाण पुन्हा काढायचं, एवढंच काम.

पण हप्ता ६०:४० म्हणून मालकीही ६०:४० का? नाही. पदरचे पैसेही त्यात धरा. त्याचे ७ लाख आणि कर्जातला २० लाख ४० हजारांचा वाटा, एकूण २७ लाख ४० हजार. तिचे १० लाख आणि १३ लाख ६० हजार, एकूण २३ लाख ६० हजार. टक्क्यांत सुमारे ५४:४६. ‘मी जास्त हप्ता भरतो, घर माझं जास्त’ हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येतं. ते बोलताना सोनं कुणी मोडलं होतं हे विसरलेलं असतं.

किराण्याचा सापळा

माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय इथं होतो, आणि तोही गोडीगुलाबीनं.

आपल्याकडं नेहमीची वाटणी अशी: ‘तू घर चालव, हप्त्याचं मी बघतो.’ तिच्या पगारातून दूध, किराणा, गॅस, शाळेची फी, आत्यांची (सासूबाईंची) औषधं, मामांच्या (सासऱ्यांच्या) डोळ्यांचं ऑपरेशन, गावच्या जत्रेचा खर्च. त्याच्या पगारातून हप्ता. दोघंही महिन्याला २५–३० हजार घालतायत. दहा वर्षांनी मात्र त्याच्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये १२० हप्त्यांच्या ओळी असतात आणि तिच्याकडं किराण्याची बिलंही नसतात. खाल्लेल्या भाकरीची पावती कुठं मिळते? पण कलम ४५ तर पैशाचा माग विचारतं. तिनं किराणा भरला म्हणूनच त्याच्या पगारातून हप्ता जाऊ शकला, हे कागद बोलत नाही.

पगार नसलेल्या बाईची अडचण याहून मोठी. लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेत नवरा-बायकोचा आपोआप निम्मा हक्क, असा कायदा गोव्यासारखा अपवाद सोडला तर भारतात नाही. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयानं एका प्रकरणात घर सांभाळणाऱ्या पत्नीचं श्रम हेही योगदान मानून तिला निम्मा वाटा दिला. निकाल महत्त्वाचा आहे, पण तो मद्रासचा आहे. महाराष्ट्रात त्याच्या भरवशावर बसून चालणार नाही.

उपाय साधा आहे. दोघांचं मिळून एक संयुक्त खातं काढा. पगार झाला की दोघांनी ठरलेल्या प्रमाणात पैसे त्यात टाकायचे आणि हप्ता, घरफाळा, सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा, फी हे सगळं त्याच खात्यातून जायचं. म्हणजे ‘हप्ता कुणाचा’ हा प्रश्नच उरत नाही, हप्ता खात्याचा. ज्याला पगार नाही तिच्या किंवा त्याच्या बाबतीत खरेदीखतातच वाटा लिहून टाकावा. नवरा-बायकोत घरातला वाटा बक्षीसपत्रानं नंतरही देता येतो. महाराष्ट्रात राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. पण कर्ज चालू असेल तर आधी बँकेला विचारावं लागतं.

बाळंतपणात दोन वर्षं नोकरी सुटली तर? हा प्रश्न घर घेतानाच विचारा. त्या दोन वर्षांचे सगळे हप्ते त्यानं भरले तरी ते दोघांचे धरायचे, असं आधी ठरवून ठेवलेलं बरं. मूल दोघांचं आहे, त्यासाठी थांबलेला पगार एकटीचा कसा?

पहिल्या पाच वर्षांतली गंमत

काही जोडपी म्हणतात, ‘पहिली पाच वर्षं तू भर, पुढं मी भरतो.’ ऐकायला सरळ आहे. पण हप्त्यात सुरुवातीला व्याजच व्याज असतं. वरच्या कर्जाच्या पहिल्या २९,५०० मध्ये व्याज जवळपास २४,१०० आणि मुद्दल फक्त ५,४००. पाच वर्षांत एकूण १७ लाख ७० हजार भरून होतात आणि मुद्दल कमी होतं जेमतेम ४ लाखांनी. ३० लाखांच्या आसपास कर्ज तसंच शिल्लक.

म्हणजे पहिली पाच वर्षं भरणाऱ्यानं नंतर ‘कर्ज किती फिटलं’ यावर वाटा काढायचा म्हटलं तर तो मेला. व्याज हे त्या काळातलं भाडंच समजा, आणि भाडं दोघांनी भरायला हवं. म्हणून पाळी लावू नका. दर महिन्याला दोघांनी भरा.

कराचंही याच्याशी जोडलेलं आहे. राहत्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत आणि मुद्दलावर १ लाख ५० हजारांच्या मर्यादेतली सूट फक्त जुन्या कररचनेत मिळते. पहिल्या वर्षी आपल्या उदाहरणात व्याज २ लाख ८६ हजारांच्या घरात जातं. एकट्याच्या नावावर असेल तर ८६ हजार वाया. दोघांत ६०:४० वाटलं तर दोघंही मर्यादेच्या आत. पण त्यासाठी प्रत्येकजण मालकही हवा आणि कर्जदारही. नुसता हप्ता भरणारा पण खतात नाव नसलेला, किंवा खतात नाव असलेला पण कर्जात नसलेला, दोघांनाही ही सूट नाही. नवीन कररचना घेतली असेल तर राहत्या घरासाठी हा विचारच सोडा.

‘बायकोच्या नावावर घे, पैसे वाचतात’

वाचतात, हे खरं. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क १ टक्क्यानं कमी लागतं. ४६ लाखांवर ४६,००० रुपये. दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही.

पण मग तो मालक नाही, म्हणून व्याजाची सूट त्याला नाही. आणि मालकीच्या हिशोबात त्याचे पैसे अडकतात. नवऱ्यानं आपल्या माहीत असलेल्या उत्पन्नातून बायकोच्या नावावर घर घेणं हे बेनामी व्यवहाराच्या कायद्यात अपवाद म्हणून चालतं, त्यामुळं तो गुन्हा नाही; पण घर कुणाचं याचा वाद झालाच तर दोघांची दमछाक होते. ४६,००० वाचवायचे असतील तर जरूर वाचवा, फक्त ‘घर तिचं आहे’ हे मनापासून मान्य करून. ‘नावावर तिच्या, पण माझंच’ असं मनात ठेवून घेऊ नका.

लग्न न केलेल्या जोडप्यांना तर ही वाट नकोच. बेनामी कायद्यातला अपवाद पती-पत्नीसाठी आहे, जोडीदारासाठी नाही. २०० रुपयांचं बक्षीसपत्रही त्यांना मिळत नाही, आणि एक गेला तर दुसऱ्याला वारस म्हणून काहीच नाही. बऱ्याच बँका सह-कर्जदारात जवळचं नातं मागतात, ती अडचण वेगळीच. अशांनी दोघांची नावं, टक्क्यांसह, खतात आणि दोघांची मृत्युपत्रं, एवढं तरी केलंच पाहिजे.

मृत्युपत्र लग्न झालेल्यांनाही हवं. आपल्याकडं समज असा, की दोघांचं घर असेल तर एक गेल्यावर दुसऱ्याचं होतं. होत नाही. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता नवरा गेला तर त्याच्या वाट्यात बायकोबरोबर मुलं आणि त्याची आईही वारस असतात. अपत्य नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या स्वकमाईच्या वाट्यावर सासरच्या वारसांचा हक्क तिच्या आई-वडिलांच्या आधी येतो. ज्या आईनं १० लाखांतला काही भाग दिला असेल तिला शून्य. सोसायटीतलं नॉमिनेशन हा यावरचा इलाज नाही, कारण नॉमिनी मालक होत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक लागत नाही.

मोडायचं ठरलं तर

हा विषय काढला की घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘शुभ बोल की गं.’ पण घटस्फोटच कशाला, बदली होते, धंद्याला पैसे लागतात, भावाकडं राहायला जावं लागतं.

पाच वर्षांनी हेच घर ६० लाखांना विकलं असं धरा. बँकेचे ३० लाख गेले, हातात ३० लाख. ५४:४६ नं वाटले तर त्याला १६ लाख २० हजार, तिला १३ लाख ८० हजार. आता दुसरी पद्धत: आधी ज्याचे पदरचे त्याला परत, म्हणजे तिला १० आणि त्याला ७, आणि उरलेले १३ लाख हप्त्याच्या प्रमाणात ६०:४०. आता त्याला १४ लाख ८० हजार आणि तिला १५ लाख २० हजार. माणसं तीच, घर तेच, आणि फरक १ लाख ४० हजारांचा.

दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. मला दुसरी पटते, कारण ५४:४६ हे प्रमाण ‘तो कर्जाचा आपला सगळा वाटा फेडणार’ असं धरून काढलं होतं आणि पाच वर्षांत तर कर्ज फारसं फिटलेलंच नाही. पण तुम्हाला पहिली पटली तरी हरकत नाही, फक्त ती घर घेताना ठरवा. विकताना ठरवायला बसलात तर ज्याला जी फायद्याची तीच त्याला न्यायाची वाटणार.

एकानं घर ठेवून दुसऱ्याचा वाटा घ्यायचं ठरवलं तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: हक्कसोडपत्र केल्यानं मालकी सुटते, कर्ज सुटत नाही. बँकेनं लेखी मोकळं केल्याशिवाय सोडून गेलेला माणूस कर्जदारच राहतो. आणि दोघांनी कर्जाएवढा टर्म इन्शुरन्स घ्यावा, निम्म्याचा नाही. मागं राहिलेल्याला हप्ता पूर्ण भरायचा असतो.

पुराचंही आधी बोलून ठेवा. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरी-नागाळा पार्कात पाणी शिरलं तेव्हा फर्निचर, वायरिंग, गाडी असा खर्च एका झटक्यात आला, आणि ज्याच्या खात्यावर त्या दिवशी पैसे होते त्यानं तो केला. असा खर्च वहीत चढवायचा राहून जातो.

खतात नेमकं काय लिहायचं

आई-वडिलांकडून पैसे आले असतील तर ते भेट की उसने, हे त्यांच्या सहीचं एका कागदावर घ्या, आणि पैसे खात्यावरूनच घ्या. उसने किंवा घराच्या व्यवहाराचे २०,००० किंवा त्याहून जास्त रोखीत घेणं आयकर कायद्यात चालत नाही. सोनं मोडलं तर पैसे आधी स्वतःच्या खात्यावर घ्या, मग तिथून घरमालकाला. मी चुकले ते इथंच.

आणि वकिलाला सांगा, की खरेदी घेणाऱ्यांच्या नावापुढं असं लिहा: ‘सदर मिळकतीत लिहून घेणार क्र. १ यांचा ५४ टक्के व लिहून घेणार क्र. २ यांचा ४६ टक्के अविभक्त हिस्सा राहील.’ कुणी किती रक्कम, कोणत्या चेकनं दिली, तेही प्रत्येकाच्या नावानं वेगळं. जुना मसुदा उघडून नावं बदलायची सवय असते, त्यात ही ओळ नसते. सही करायला गेल्यावर नव्हे, दोन दिवस आधी मसुदा घरी मागवून वाचा.

आमच्या खतात ही ओळ नाही. म्हणून नंतर आम्ही वकिलाकडून दोघांच्या सहीचा एक करार करून घेतला. त्यानं खतातली मालकी बदलत नाही, पण कुणी किती घातले याचा पुरावा झाला. गुजरीतली मोडीची पावती मी टाकून दिली नव्हती, ती त्याला जोडली आहे: तारीख, पाटल्यांचं वजन, गंठणाचं वजन, मिळालेली रक्कम.